सरावलीच्या चाळीतला गॅस

पुष्पलताला कुठल्या घरात काय चाललंय ते उंबऱ्यावरच कळायचं. हे उगाच कौतुकानं म्हटलेलं नाही. वीस वर्षं ती तारापूरच्या मांगेलआळीतून सकाळची एसटी पकडून बोईसरला यायची, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, पाटीत बोंबील, सुकट, मांदेली, आणि मग दुपारपर्यंत सरावलीच्या चाळींमधून दार दार फिरायची. एसटीतले कंडक्टर बदलले पण भांडण तेच.

"ए मावशी, पाटी मागं ने, वास मारतोय."

"तुज्या डब्यात काय हाय रे मेल्या? दाखव बरं. बोंबलाची चटनीच असेल."

सरावलीत सगळे कंपन्यांत कामाला. कोणी घाटावरचा, कोणी यूपीचा, कोणी जव्हारकडून डोंगर उतरून आलेला. नळावर रोज भांडणं. पण पुष्पलताची पाटी एका उंबऱ्यावर टेकली की सात-आठ जणी गोळा व्हायच्या, काल एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या त्यासुद्धा! पुष्पलता कधी कोणाच्या घरात शिरायची नाही. उंबऱ्यात एक पाय आत एक बाहेर अशी बसायची, आणि बाया पाटीभोवती उकिडव्या बसून एकेक बोंबील निवडायच्या. हा मोडका, हा ओलसर, याचं डोकंच मोठं. मान खाली, नजर पाटीत, हात चालू. आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही ना, मग तोंडं सुटायची. नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, पोरगी कोणाबरोबर तरी बोलते, सगळं त्या पाटीत येऊन पडायचं. पुष्पलता ऐकायची, "हं" म्हणायची आणि पाटी उचलून पुढच्या दाराला जायची. तिथलं इथं कधी सांगायची नाही. म्हणून तर वीस वर्षं टिकली.

घरी ती, तिचा नवरा जानू आणि भाचा दादू. दोन पोरी लग्न होऊन गेल्या होत्या. जानू होडीवर, आठवड्यातले निम्मे दिवस समुद्रात. दादू म्हणजे तिच्या भावाचा, एडवणच्या भगवंतचा मुलगा. भगवंतची होडी लहान, दोघांचं पोट त्यात भरेना, म्हणून त्यानं पोरगा बहिणीकडे पाठवला. "तुज्या भरवशावर देतो," एवढंच म्हणाला. पुष्पलतानं रामकिसन नावाच्या लेबर ठेकेदाराला धरलं आणि दादू एका केमिकलच्या कंपनीत चिकटला. वीस वर्षांचा, उंच, हसरा. पहिल्या पगारात आत्याला चपला घेऊन आला. तिला त्या लहान झाल्या तरी ती वर्षभर टाचा बाहेर काढून घालत होती, कारण त्यानं आणल्या होत्या!

अठ्ठ्याऐंशी साल संपत आलं होतं, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा सरावलीत एक बाई दिसायला लागली. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, हातात छापील कागद. डॉक्टर मृणाल खांबेटे. डॉक्टर पण सुई टोचणारी नाही, मानववंशशास्त्राची. मुंबईहून आलेली, बोईसरला खोली घेऊन राहिलेली. कारखान्यांच्या गावातली तरुण मुलं गर्दकडे, त्या ब्राऊन शुगरच्या नशेकडे, कशी वळतात आणि ती वळायच्या आधी काय करता येईल, असा तिचा विषय होता. बिचारी रोज दारं वाजवायची आणि कागद वाचून विचारायची, "आपल्या घरात पंधरा ते पंचवीस वयातलं कोणी अमली पदार्थ घेतं का?"

सगळीकडून एकच उत्तर. नाय. दारं धडाधड बंद. पंधरा दिवसांत तिचं नाव गर्दवाली बाई पडलं, आणि अर्ध्या चाळीला वाटायला लागलं की ही गर्द विकायलाच आलीय.

पुष्पलतानं तिला पहिल्यांदा बघितलं ते नळाच्या कट्ट्यावर बसलेलं, कागद मांडीवर, तोंड उतरलेलं.

"काय वो बाय, मीटर बघाया आल्या काय?"

"नाही. मी अभ्यास करतेय."

"या वयात?"

बाई हसली. खूप दिवसांनी कोणी तिच्याशी बोललं असावं. म्हणाली, "माणसं कशी राहतात, काय खातात, एकमेकांशी कशी वागतात, त्याचा अभ्यास असतो."

"त्याला कालेज लागतं? आमी वीस वर्सं तेच करतो." पुष्पलतानं पाटी खाली ठेवली. "मंग, काय कळलं?"

"काहीच नाही. कुणी बोलतच नाही."

"विचारता काय तुमी?"

बाईनं कागद वाचून दाखवला. पुष्पलता इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. "दारात उभं ऱ्हाऊन, हातात पेन घेऊन, असं? मी तुमाला आता विचारलं, तुमच्या बापाचं भायेर काय लफडं हाय काय, तर सांगाल?"

बाईनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मग कसं विचारू?"

"विचारू नका. बसा."

आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर मृणाल खांबेटे पुष्पलताच्या पाटीमागे बसायला लागली. कागद झोळीत. हातात बोंबील, डोकं मोडून बाजूला टाकायचं काम. पहिल्या दिवशी काटे टोचून बोटं लाल. बायांनी तिची यथेच्छ टर उडवली. "शिकलेली हाय पन बोंबलाचं तोंड कुठं नि शेपूट कुठं ते ठावं नाय." पुष्पलतानं सगळ्यांना सांगितलं, ही माझ्याबरोबर आहे, नाव कोणाचं लिहीत नाही. पुष्पलतानं सांगितलं म्हणजे झालं. आठवड्याभरात बाया विसरल्या की पाटीमागे कोणी बसलंय.

आणि मग यायला लागलं सगळं. घरातला तांब्या गेला. मग पितळेची परात. नवऱ्याचं घड्याळ. धाकट्या पोराची शाळेची चप्पलसुद्धा! पण गर्द हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, गॅस. पोराला गॅस लागलाय. कंपनीतला गॅस हो, नळकांड्यातून सुटतो, संध्याकाळी सगळ्या सरावलीवर ज्याचा वास येतो, तो. डोळे लाल, नाकाला पाणी, अंग दुखतं, नाहीतर मग बसल्या बसल्या पेंगतो, नाक खाजवतो. गॅसच तो. आणि गॅस काही खोटा नव्हता, लोकांना खरंच लागायचा, दोघा-तिघांना उचलून नेलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तर कोणाला शंका येईना.

आणि गॅसवर औषध काय तर गूळ. काही कंपन्यांत पावडरच्या खात्यातल्या कामगारांना गूळ द्यायचे, धूळ पोटात जाऊ नये म्हणून. त्यावरून घरोघरी झालेलं. आता हे औषध दारोदार नेलं कोणी, तर पुष्पलतानंच. कारण तिच्या दादूलाही गॅस लागला होता.

"आमच्या दादूला मी रोज सांजच्याला गुळाचा खडा देते, वर केळं देते," ती उंबऱ्यावर बसून सांगायची. "मागून खातो बिचारा. अंगाला पायजे असतं ना, म्हनून मागतो."

"माजा जिव्या पन मागतो," लाडकी म्हणाली. लाडकी म्हणजे चाळीच्या शेवटच्या खोलीतली, डोंगरातून उतरून आलेली, नवरा नाही, एकुलता एक जिव्या कंपनीत. "डबाच्या डबा संपवतो गं पुष्पाबाय."

"देत ऱ्हा. गॅस उतरतो त्यानं."

पाटीमागे खांबेटे बाईचा हात थांबला. पण ती काही बोलली नाही.

बोलली चार-पाच दिवसांनी. दोघी बोईसर स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पीत होत्या, पुष्पलताची रिकामी पाटी टेबलाखाली. पुष्पलता खुशीत होती, बाईच्या कामाचं आता आपल्यालाच कौतुक वाटायला लागलंय असं सांगत होती. बाई कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "पुष्पाबाई, मी दुपारी रेल्वेच्या मागच्या गोडाऊनकडे जाते ना, त्या मुलांत बसायला. आता बोलतात माझ्याशी. मी जाताना काय घेऊन जाते माहितीये? जिलबी. शेवचिवडा नेला तर कुणी हात लावत नाही. गर्द घेणाऱ्याला गोड लागतं. सारखं गोड लागतं."

पुष्पलताचा कप बशीत तसाच राहिला.

"ज्या ज्या घरात मुलगा गूळ मागून खातो," बाई हळू बोलत होती, "त्यातली सहा मुलं मला तिथं भेटलीत. नावं सांगणार नाही मी. तुम्हालाही नाही. पण तो गॅस नाहीये."

"सगल्यांचा तोच थोडाच असल," पुष्पलता म्हणाली.

"सगळ्यांचा नसेलही."

बाईला दादूबद्दल माहीत होतं की नव्हतं? पुष्पलतानं विचारलं नाही, बाईनं सांगितलं नाही. एसटीत त्या दिवशी कंडक्टर पाटीवरून काहीतरी बोलला तर पुष्पलतानं उलट उत्तरच दिलं नाही, म्हणून तो घाबरून विचारायला आला, मावशी बरं नाही का.

संध्याकाळी दादू आला. मोरीपाशी बसून तोंड धुतलं. "आत्ये, गूळ दे."

तिनं डबा काढला. खडा त्याच्या हातावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्या हाताकडे बघितलं. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक काळं पडलं होतं, जळल्यासारखं. सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदावर पूड ठेवून खालून काडीनं तापवली की असं होतं, हे पाटीवरच कोणीतरी सांगितलं होतं. तिच्यासमोरच सांगितलं होतं! रोज हा हात ती बघत होती आणि बघत नव्हती. दुसऱ्यांच्या घरातला तांब्या कुठं गेला ते तिला माहीत, आणि आपल्या फडताळातली दोन ताटं गेल्या महिन्यात दिसली नाहीत तेव्हा ती म्हणाली होती, उंदीर.

दादू गूळ चोखत भिंतीला टेकला आणि पेंगायला लागला. पुष्पलता त्याच्यासमोर बसून राहिली. मनात एकच, भगवंतला काय सांगू? माझ्या भरवशावर दिलाय.

आणि तिनं काय केलं, तर काहीच सांगितलं नाही. दादूला नाही, जानूला नाही. भगवंत बोईसरच्या बाजाराला आला तेव्हा म्हणाली, "जरा गॅस लागलेला, आता बरा हाय." त्यापेक्षा वाईट म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तिनं खांबेटे बाईला बरोबर घेणं बंद केलं. बाई नळाच्या कट्ट्यावर वाट बघत उभी, आणि ही मागच्या गल्लीनं जायची. बायांनी विचारलं, तुझी शिकलेली कुठं गेली, तर ही मान खाली घालून म्हणाली, "नादी लागू नका तिच्या. सगली नावं कंपनीत देनार हाय ती. पोरांच्या नोकऱ्या जातील."

एवढंच बोलली. वीस वर्षांत एका दाराचं दुसऱ्या दाराला न सांगणारी बाई, आणि सांगितलं ते खोटं. दोन दिवसांत सगळ्या सरावलीची दारं बंद झाली. कोणी तर बाईच्या अंगावर कपडे धुतलेलं पाणी टाकलं.

बाई भांडायला आली नाही. रविवारी मांगेलआळीत आली, पुष्पलताच्या ओट्यासमोर उभी राहिली, झब्ब्याच्या बाहीला अजून डाग. "सुकट द्या अर्धा किलो," म्हणाली. पुष्पलतानं वजन केलं, कागदात बांधलं.

"महिनाअखेर चाललेय मी," बाई म्हणाली. "तुम्ही का केलंत ते मला कळलंय असं वाटतं. रागावलेले नाही. फक्त एक. मुंबईत एका इस्पितळात वॉर्ड आहे, ही मुलं तिथं ठेवतात. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. कधी लागलं तर या कागदावर पत्ता आहे."

"आमाला कशाला लागतोय," पुष्पलता फटकन म्हणाली. पण कागद घेतला. चोळीत ठेवला. आणि बाई वळून गेल्यावर तिला इतकं रडू आलं की जानूनं आतून विचारलं, "काय गं, कांदा चिरतेस काय?" घरात कांदा नव्हताच त्या दिवशी.

त्यानंतरच्या मंगळवारी ती सरावलीला लाडकीच्या उंबऱ्यावर बसली होती. सहा-सात बाया पाटीभोवती. लाडकी नेहमीसारखी निवडत नव्हती, नुसता एक बोंबील हातात फिरवत बसली होती. किती वाळली होती ती! कानातलं गेलं होतं.

"पुष्पाबाय," लाडकी म्हणाली, "तुजा दादू बरा झाला ना गं?"

"हं."

"बाजारात भगवंतदादाला तू सांगितलंस म्हनं, बरा झाला. मंग तू गूळ कुठला दिलास? काळा का पिवळा? मी पिवळा देते, जिव्याला काय उतार पडत नाय. किती देऊ सांग. कालपासून दोनदा देते." लाडकीनं मान वर केली आणि सरळ पुष्पलताच्या तोंडाकडे बघितलं. त्या पाटीभोवती असं कोणी बघायचं नाही. "सांग ना. तू सांगशील तेवडा देते."

पुष्पलताच्या हातातली सुकटीची मूठ तशीच पाटीत सुटली.

म्हणजे हिनं खोटं सांगितलं भावाला, शरमेनं, आणि ते खोटं चालत चालत या डोंगरातल्या बाईच्या घरात येऊन औषध होऊन बसलं होतं. आपली लाज राखायला आपण हिच्या पोराला मारतोय. एवढं स्पष्ट तिला त्या क्षणी दिसलं, आणि मग तिचं तिलाच थांबवता आलं नाही.

"नको देऊ गूळ."

"आं?"

"गूळ नको देऊ लाडके. गॅस नाय तो. माज्या दादूला गॅस नाय, गर्द हाय. बरा नाय झाला तो. मी खोटं बोलले. भावाशी खोटं बोलले, तुमच्याशी खोटं बोलले. ती शिकलेली बाय कंपनीत नाव देनार नव्हती, ते पन मीच खोटं बोलले."

कोणाचा हात हलेना.

मग लाडकी उठली. हातातला बोंबील पाटीत फेकला. "तुजा असल गर्दुल्ला. माजा नाय. माजा जिव्या नाय तसला. ऊठ माज्या उंबऱ्यावरनं. ऊठ!"

बाकीच्या बायाही उठल्या. आपापल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि पुष्पलता पाटी डोक्यावर घेऊन त्या सगळ्या दारांसमोरून चालत गेली, आणि एकाही दारातून "मावशी, टेक की" आलं नाही.

असली बातमी चाळीतून कंपनीत जायला तास लागत नाही. दुपारी रामकिसन बोईसरच्या एसटी स्टँडवर तिला शोधत आला. वाईट माणूस नव्हता तो. पान थुंकून म्हणाला, "मौसी, हम को पहले से शक था. मशीन पे सो जाता है. कल को हाथ कट गया तो हम किसको जवाब देंगे? उसको काम पे नहीं रख सकते. ठीक हो जाए, तो लेके आना. जुबान देता हूँ."

दादू घरी आला तेव्हा अजून उजेड होता. दारातूनच ओरडला. "चारचौघात माजं नाव घेतलंस? आत्ये, तू? माजी नोकरी गेली! आता सगली मला गर्दुल्ला म्हनतील!"

"हायेस तू."

तो थांबला. इतकं सरळ कोणी त्याला बोललं नव्हतं. मग पिशवी घेऊन कपडे कोंबायला लागला. मुंबईला जातो, तुमच्या दारात परत येत नाही, मेलो तरी कळवणार नाही, असलं काय काय बोलत होता. नाक गळत होतं. जानू दारात आडवा उभा राहायला गेला तर पुष्पलतानंच त्याला बाजूला केलं.

"जायाचं तर जा," ती म्हणाली. "मी नाय अडवत. पन एक ऐक. गूळ मी तुला दिला. सहा महिने दिला. तुजी बोटं माज्या समोर होती नि मी बघितली नाय, कारन मला बघायची नव्हती. तुजा बाप मला इचारील, काय केलंस माज्या पोराचं, तर त्याला पयलं माजं सांगनार मी, मंग तुजं. उद्या सकाळी एडवणला जाते. येतोस तर ये. नाय आलास तरी मी जानार."

"बाबाला सांगनार?" दादूचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "आत्ये, बाबाला नको. पाया पडतो."

"मी खोटं नाय बोलनार आता. थकले मी."

तो पिशवी घेऊन ओट्यावर बसला. गेला नाही. बराच वेळ बसला. मग उलटी झाली, मग थंडी वाजायला लागली, आणि पुष्पलतानं त्याच्या अंगावर गोधडी टाकली. तिला खात्री नव्हती, सकाळी तो तिथं असेल की नाही.

होता.

एडवणला भगवंत वाळूवर होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. बहीण आणि पोरगा असे अवेळी आलेले बघून त्यानं सुई खाली ठेवली. पुष्पलतानं ठरवल्याप्रमाणे पहिलं आपलं सांगितलं. गूळ, उंदीर, बाजारात बोललेलं खोटं, गर्दवाली बाईवर घेतलेला आळ, सगळं. मग दादूकडे बघितलं. दादू वाळूकडे बघत म्हणाला, "बाबा, मी गर्द घेतो." चार शब्द. पण ते त्याचे त्यानं काढले.

भगवंतनं मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "होडीत टाकू. पंधरा दिवस खोल दर्यात नेतो, तिथं कोन गर्द विकायला येतो बघू." त्यांच्या आळीत दारुड्यांना असंच न्यायचे. पुष्पलतानं चोळीतून कागद काढला.

"होडी नाय," ती म्हणाली. "त्या बायकडं न्यायचं. दर्यात उडी टाकली तर? याला लई तरास व्हतो, मी रातभर बघितलंय."

"त्या गर्दवालीकडं?"

"तिचं नाव खांबेटे हाय."

मुंबईला जाताना गाडीत दादू एक शब्द बोलला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुष्पलतानं खांबेटे बाईची माफी मागितली ती इस्पितळाच्या जिन्यात, बाई दादूचे कागद भरून देत असताना, आणि बाईनं तिला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. "माझे फॉर्म मी फाडून टाकले बरं का," ती म्हणाली. "घरातल्या माणसाला घरातलं माणूसच विचारू शकतं. आता तेच लिहिणार आहे मी."

तिचा तो अहवाल पुढं दोन वर्षांनी आला, इंग्रजीत, जाडजूड. गर्द रोखायला बाहेरून भाषणं देणारे आणण्यापेक्षा जी माणसं रोज दारात येतात, दूधवाला, न्हावी, मासळीवाली, त्यांना आधी जाणतं करा, असं त्यात होतं म्हणे. पुष्पलतानं तो वाचला नाही. तिला वाचताच येत नव्हतं. जानूनं पानं उलटून विचारलं, "तुजं नाव कुठं हाय यात?" तर ती म्हणाली, "नाव लिहीत नाय ती. सांगितलेलं ना."

सरावलीत महिनाभर तिची पाटी कोणी टेकू दिली नाही. ती तरी रोज जायची, शेवटच्या खोलीपर्यंत, आणि परत. मग एका दुपारी, गल्लीत कोणी नसताना, लाडकीचं दार किलकिलं झालं.

"पुष्पाबाय. टेक."

ती टेकली. लाडकीनं एकही बोंबील उचलला नाही. "माजा पन," एवढंच म्हणाली, आणि पुष्पलतानं तिचा हात धरला. त्यानंतर जिव्याला घेऊन मुंबईला जाणाऱ्या दोघी होत्या. मग यूपीवाली एक. मग आणखी.

आता वाटेल की झालं, दादू सुटला. तसं नाही झालं. महिन्यानं परत आला, चार महिने बरा होता, रामकिसननं जबान पाळली, कामावर घेतलं, आणि पावसाळा लागता लागता परत घेतली. परत इस्पितळ. परत आला. पुष्पलतानं त्याला "सोडलीस ना?" असं विचारणं बंद केलं, कारण त्याचं उत्तर तो "हो" असंच द्यायचा आणि ते खोटं असायचं. ती फक्त एवढंच विचारायची, संध्याकाळी तो दारात आला की, "आज?"

"आज नाय," तो म्हणायचा.

कधी तिला पटायचं, कधी नाही. पटलं नाही तरी ती पुढं खोदायची नाही. ताट वाढायची. असे किती महिने गेले. तिला कधी कधी वाटायचं, आपण वेड्यासारखं रोज एक शब्द विचारतोय आणि हा रोज आपल्या तोंडावर काहीतरी फेकतोय.

मग नव्वद सालच्या श्रावणात एका संध्याकाळी तो आला. तिनं विचारायच्या आधीच उंबऱ्यात उभा राहिला. डोळे लाल. भिजलेला.

"आत्ये," तो म्हणाला, "आज घेतली."

पुष्पलताला वाईट वाटलं, वाटणारच. पण त्याच वेळी तिला दुसरंही काहीतरी झालं, जे तिला सांगता आलं नसतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं कोणी न पकडता, न धमकावता, आपणहून खरं सांगितलं होतं. आणि ज्याला सांगायचं ते माणूस म्हणून तिच्याकडे आला होता. गोडाऊनकडे नाही गेला. घरी आला.

"बरं," ती म्हणाली. "अंग पूस. जेव. सकाळी जाऊ."

तो जेवला. सकाळी दोघं परत मुंबईच्या गाडीत बसली, आणि या खेपेला पालघर यायच्या आतच दादू बोलायला लागला. काल दुपारी कोण भेटलं, कुठं नेलं, नको म्हणताना तोंडातून शब्द कसा फुटला नाही. पुष्पलता मध्ये एकदाही बोलली नाही. विरारपर्यंत तो बोलतच होता.